दमा आणि 'इम्युनिटी वाढवा'चा सल्ला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरातला दम्यावरचा लेख वाचला. इन्हेलरची सवय लागते ही भीती त्यात खोडून काढलीत ते फार बरं केलंत, पण शेवटी 'इम्युनिटी वाढवा' असा जो सल्ला दिलाय तो मला पटला नाही, आमच्याही घरात दम्याचा पेशंट आहे म्हणून मुद्दाम लिहितेय. अ‍ॅलर्जीच्या दम्यात इम्युनिटी कमी पडलेली नसतेच मुळी, ती नको तिथे कामाला लागलेली असते.

धूळ किंवा परागकण आत गेले की अशा माणसाचं शरीर त्यांच्याविरुद्ध आयजीई नावाची अँटिबॉडी तयार करतं, ती मास्ट नावाच्या रोगप्रतिकारक पेशींवर जाऊन चिकटते, आणि पुढच्या वेळी तीच धूळ आली की या पेशी काही मिनिटांत हिस्टामिन वगैरे रसायनं सोडतात, श्वासनळ्या आवळतात, छाती वाजायला लागते. इथपर्यंत बऱ्याच जणांना माहीत असतं. पण पंप घेऊन बरं वाटलं तरी काही तासांनी परत धाप का लागते? तर तोवर टी-पेशी (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) आणि त्यांच्या जोडीच्या काही पेशींनी सोडलेली प्रोटीन्स कामाला लागलेली असतात. त्यातलं आयएल-४ (आयएल म्हणजे इंटरल्युकिन, या प्रोटीन्सचं नाव) आयजीई वाढवतं, आयएल-१३ मुळे चिकट कफ होतो, आणि आयएल-५ इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढवतं, जगवतं, मग त्या श्वासनळीत उतरून आतलं अस्तर सुजवतात, खराब करतात. नुसत्या तात्पुरता आराम देणाऱ्या रिलिव्हर पंपाने ही सूज जात नाही, त्यासाठी स्टिरॉइडचा इन्हेलर नियमित घ्यावा लागतो, बरं वाटतंय म्हणून मनाने बंद करायचा नसतो.

आयएल-५ अडवणारं मेपोलिझुमॅब नावाचं औषध आधी सरसकट दम्याच्या पेशंटना देऊन पाहिलं तेव्हा फारसा फायदा दिसला नव्हता, मग इओसिनोफिल जास्त असलेले पेशंट निवडले तेव्हा अटॅक खरंच कमी झाले आणि २०१५ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. म्हणजे कोणाचा दमा कुठल्या प्रोटीनमुळे पेटतोय हे बघणं किती गरजेचं आहे बघा! रक्ताच्या साध्या सीबीसी रिपोर्टमध्ये इओसिनोफिलची ओळ असतेच पण तिच्याकडे लक्ष कोण देतं, आणि स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असताना तो आकडा खाली येतो हेही पेशंटला माहीत नसतं.

छातीच्या डॉक्टरांकडून यावर एक वेगळा लेख लिहून घ्या आणि तो 'इम्युनिटी वाढवा'वाला सल्ला दुरुस्त करून छापा, ही विनंती.

आपली,
एक वाचक