भिडे पूल पाण्याखाली गेला की माझी सायकल घरात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी तुमच्या पुरवणीत पावसातल्या सायकलिंगवर अख्खं पान आलं होतं. फोटो झकास होते, ताम्हिणीतलं धुकं, चिंब भिजलेली पोरं, आणि वर मथळा काय तर खरा सायकलवाला पावसाला घाबरत नाही. बायकोने ते पान माझ्या चहाच्या कपाशेजारी ठेवलं आणि म्हणाली, म्हणजे तुम्ही खोटे. कारण मुठेवरचा ठेंगणा भिडे पूल पाण्याखाली गेल्याची बातमी आली की मी सायकल हॉलमधे ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, लावतो आणि पाऊस उघडेपर्यंत तिथेच चालवतो, हे आता आमच्या बिल्डिंगला पाठ झालंय. म्हटलं, आपण खोट्या सायकलवाल्यांची बाजू पण कोणीतरी मांडावी, म्हणून हे पत्र.

आधी सांगतो, मी पण असाच शूर होतो. दरवर्षी जूनमधे पहिली सर आली की सिंहगड पायथा, येताना खडकवासल्याला कणीस, आणि मग ग्रुपवर चिखलाने माखलेल्या पाठीचा फोटो. तीन वर्षांपूर्वी पाषाणकडून येताना एका सिग्नलला वळलो, वेग काही फार नव्हता, पंधरा-सोळा असेल, पुढचं चाक झेब्रा क्रॉसिंगच्या पांढऱ्या पट्ट्यावर गेलं आणि काय झालं ते कळायच्या आत मी रस्त्यावर, उजवं कॉलरबोन मोडलेलं. खड्डा नाही, कुत्रं आडवं आलं नाही, कोणी कट मारला नाही, नुसता ओला पेंट! त्यात तो पहिला-दुसराच पाऊस होता आणि सायकलवाल्यांसाठी सगळ्यात वाईट तोच, रस्त्यावरचं उन्हाळाभराचं ऑईल आणि धूळ वर येते आणि साबण लावल्यासारखं होतं, नंतर दोन-चार मोठे पाऊस झाले की जरा धुऊन जातं. शिवाय माझी सायकल जुनी, रिमब्रेकची, ओल्या रिमवर ब्रेक दाबला की आधी पाणी पुसलं जाणार आणि मग सायकल थांबायचं बघणार. आणि पाण्याने भरलेला खड्डा चार इंचाचा की दीड फुटाचा हे आत गेल्यावरच कळतं.

सहा आठवडे हात झोळीत. त्या काळात मोबाईलवर काहीबाही वाचत बसायचो, त्यात मॅथ्यू हेमन सापडला. ऑस्ट्रेलियाचा रेसर, 2016 च्या फेब्रुवारीच्या शेवटी एका रेसमधे पडून हाताचं हाड मोडलं, रस्त्यावर जाता येईना म्हणून घरच्या गॅरेजमधे सायकल ट्रेनरवर लावली आणि तिथेच ट्रेनिंग करत राहिला, आणि सहाएक आठवड्यांनी 10 एप्रिलला पॅरिस-रूबे ही फ्रान्समधली नावाजलेली रेस जिंकला. म्हणजे अडीचशेच्या वर किलोमीटर, त्यातले कितीतरी दगडी रस्त्यावरचे, आणि शेवटच्या स्प्रिंटमधे मागे टाकलं कोणाला तर टॉम बोनेनला, जो आधी चार वेळा ती रेस जिंकलेला. हेमन तेव्हा सदतीस वर्षांचा. आता मी काही रूबेला चाललो नव्हतो, माझी झेप बोपदेव घाटापर्यंत, पण डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले हातावर वजन टाकणार नसाल तर चौथ्या आठवड्यापासून पाय फिरवा. ओळखीतून एक सेकंडहँड मॅग्नेटिक ट्रेनर साडेचार हजाराला मिळाला आणि मुलाने जोडून दिला.

हे काय प्रकरण असतं ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, लोखंडी स्टँड असतो, मागचं चाक त्यात अडकवायचं, चाक एका रोलरवर घासून फिरतं, रोलरला लोहचुंबकाचा अडथळा असतो, तो कमी-जास्त करता येतो. मागचं चाक उचललं गेल्यामुळे सायकल पुढे झुकते म्हणून पुढच्या चाकाखाली ठोकळा मिळतो, तो आमच्या सेटमधे नव्हता, तिथे आम्ही देवघरातला जुना पाट सरकवला, बरोब्बर बसला. पहिल्या दिवशी वीस मिनिटं चालवली असेल, खालच्या मजल्यावरचे नाना वर आले, दारातूनच म्हणाले, काय हो, गिरणी टाकलीत का घरात? मला वाटलं आवाजाचं म्हणतायत, पण आवाज एवढा नव्हताच, ती घरघर स्लॅबमधून खाली उतरत होती आणि त्यांच्या शोकेसमधले कप वाजत होते. मग जिममधे असते तसली जाड रबरी चटई आणून टाकली. आणि एक युक्ती नंतर कळली, मोठ्या गिअरवर दामटण्यापेक्षा गिअर हलका ठेवायचा आणि ट्रेनरचा अडथळा वाढवायचा, म्हणजे चाक कमी वेगाने फिरतं, घरघर निम्मी होते आणि पायाला काम तेवढंच पडतं. आता मी साडेसहाच्या आधी सुरू करत नाही आणि नाना तक्रार करत नाहीत, उलट एकदा दोन दिवस आवाज आला नाही तर तब्येत विचारायला आले.

सगळ्यात मोठा धडा पंख्याचा. रस्त्यावर वारा फुकट मिळतो त्यामुळे आपण किती तापतो ते कळतच नाही. पायाने 150 वॅट काढायचे तर शरीराला त्याच्या चौपट-पाचपट जाळावं लागतं, राहिलेली साडेचारशे ते सहाशे वॅट नुसती उष्णता, म्हणजे आपण हॉलमधे बसलेली अर्धी इस्त्रीच. त्यात जुलैची दमट हवा, घाम वाळतच नाही, नुसता टपकतो. पहिल्या आठवड्यात स्टेमच्या, म्हणजे हँडल धरून ठेवणाऱ्या तुकड्याच्या, बोल्टवर गंज आला तेव्हा कळलं की हँडलवर टॉवेल का टाकतात. डोक्यावरचा पंखा काही कामाचा नाही, टेबलफॅन समोर छातीच्या उंचीवर पाहिजे. आता आमच्या हॉलमधे पावसाळ्यात दुसरीकडे कुठे वाळणार म्हणून कपड्यांच्या दोऱ्या लागलेल्या असतात, टेबलफॅनचं वारं माझ्यावरून जाऊन दोरीवरच्या चादरींना लागतं, त्यामुळे घरात माझ्या ट्रेनिंगला पूर्ण पाठिंबा आहे. बायको स्वयंपाकघरातून ओरडते, अजून पंधरा मिनिटं मारा, जीन्स ओली आहे!

मजा येते का? खरं सांगायचं तर पहिले दोन आठवडे नाही येत. समोर भिंत, आणि उतार नाही, सिग्नल नाही, पाय थांबवला की दोन सेकंदात चाक थांबतं, रस्त्यावर आपण नकळत किती आराम करतो ते इथे कळतं. बसूनबसून बूड बधीर होतं, दर दहा मिनिटांनी पॅडलवर उभं राहायचं. माझं गणित रेडिओवर चालतं, सातपाचच्या बातम्या लागल्या की वॉर्मअप संपला, मग आठ मिनिटं जोरात, चार हळू, असं चार वेळा. तासाच्या आत विषय संपतो. भाचा टोरांटोला असतो, त्याच्याकडे स्मार्ट ट्रेनर, टीव्हीवर झ्विफ्ट नावाचं सायकलिंगचं ॲप लावून वाटोपिया नावाच्या खोट्या बेटावर फिरतो, चढ आला की ट्रेनर आपोआप जड होतो. तो डिसेंबरात बर्फामुळे घरात आणि मी जुलैत पावसामुळे घरात, फोनवर आमचं एकमेकांना चिडवणं वर्षभर पुरतं. तसले ट्रेनर इकडे चाळीस-पन्नास हजारांच्या पुढे जातात, ज्यांना जमतंय त्यांनी जरूर घ्यावेत, पण एक बघा, लाईट गेली की त्याचं बेट बुडालं. माझं लोहचुंबक चालू राहतं, फक्त पंखा जातो.

ग्रुपवर अजून चिडवतात. कुठपर्यंत पोचलास, बेडरूम की किचन? पण 25 जुलै 2024 ला धरणातून पाणी सोडलं आणि सिंहगड रोडला एकतानगरीत लोकांच्या घरात पाणी शिरलं, त्या दिवशी सकाळी आमच्या याच ग्रुपवर कोणीतरी 'पायथा कोण कोण' असा मेसेज टाकला होता आणि खाली दोन अंगठे पण आले होते. याला शौर्य म्हणायचं का तुम्हीच सांगा.

पावसात सायकल काढूच नका असं मी म्हणत नाहीये, भुरभुर असेल, उजेड असेल, मागे लाल दिवा असेल, ओळखीचा रस्ता असेल तर मी पण ऑगस्टमधे जातो आणि पानशेतच्या बाजूची हिरवळ बघून येतो. आणि पावसातला खरा सायकलवाला कोण म्हणाल तर तुमचाच पेपर टाकणारा मुलगा, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला गठ्ठा हँडलला लावून सव्वासहाला आमच्या गेटवर असतो. त्याला यावंच लागतं. आपल्याला निवड आहे, मग मुद्दाम हाडं पणाला लावून मिळवायचं काय?

तेव्हा विनंती एवढीच की पुढच्या वेळी तसं पान कराल तेव्हा ताम्हिणीच्या फोटोखाली चार ओळींची चौकट टाका, पहिल्या पावसात दोन दिवस थांबा, पांढऱ्या पट्ट्यावर आणि लोखंडी झाकणावर वळू नका, ब्रेक आधीपासून दाबा, आणि घरात सायकल चालवली तरी ती सायकलच असते. फोटो पाहिजे असेल तर आमच्या हॉलमधे या. फक्त चादरी बाजूला सारून उभं राहावं लागेल, आणि आत्ता लगेच आलात तर मी दमलेला दिसेन कारण बाहेर पुन्हा धो धो सुरू झालाय आणि जीन्स अजून ओलीच आहे.

आपला,
एक (खोटा) सायकलवाला, कोथरूड, पुणे