तुझ्या इंजिन रूमबाहेरचा समुद्र

बेक्वे बेट, सेंट व्हिन्सेंट (कॅरिबियन)

चि. बंड्यास अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, "आई, समुद्रात काय बघायचंय, मी तर तिथेच राहतो." कुठे राहतोस रे? तुझी इंजिन रूम पाण्याच्या पातळीखाली आणि मध्ये लोखंडी पत्रा. समुद्राला तुझा हात कधी लागतो? म्हणून जरा सविस्तर लिहितेय, ड्यूटी संपली की वाच.

ताईला सुट्टी होती. किंग्जटाउनहून फेरीने तासाभरात बेक्वेला आलो, रात्री राहिलो आणि सकाळी सातला कॅटामरानमध्ये चढलो. दक्षिणेला साधारण पंचवीस सागरी मैलांवर टोबॅगो कीज ही चिमुकली बेटं. त्रिनिदादजवळचं टोबॅगो ते वेगळं. बाबा बराच वेळ नकाशात तिकडेच शोधत होते.

शिडाची होडी कलंडते ही माझी लहानपणापासूनची भीती. ही फारशी कलत नाही. दोन अरुंद होड्यांवर एक सलग डेक, पुढे दोन्हींच्या मध्ये जाळं ताणलेलं, त्यावर पोरं आडवी पडतात. पण हिचे हाल वेगळे: लाट खालच्या पोकळीत आपटते आणि दणका थेट कंबरेत बसतो. बेटाच्या आडोशाला पाणी गुळगुळीत. दोन बेटांमधली खिंड आली की अटलांटिकची लाट सरळ अंगावर, कारण पूर्वेला पार आफ्रिकेपर्यंत जमीनच नाही. कॅनवान बेट मागे पडेपर्यंत बाबा आल्याचा तुकडा चघळत गप्प होते. वारा पूर्वेकडचा, त्यामुळे जाताना डाव्या अंगाने आणि येताना उजव्या अंगाने, दोन्ही वेळा शीड भरलेलं. बरं, तुझ्या कामाचं: दोन्ही होड्यांत एकेक छोटं डिझेल इंजिन आहे. एक पुढे आणि एक मागे चालवलं की बोट जागच्या जागी गोल फिरते, सुकाणूला हातही लावावा लागत नाही. कप्तान हे करताना मला तुझी आठवण आली.

वाटेत मायरो लागलं. इथल्या वस्तीच्या बेटांत सगळ्यात लहान. १ जुलै २०२४ ला बेरिल वादळ इथून गेलं. शेजारच्या युनियन बेटावर तर जवळजवळ सगळीच घरं मोडली. टेकडीवर काही छपरांचे पत्रे अजून नवेकोरे चमकतात. वर हात करून फोटो काढणाऱ्यांचा मला तिथे जरा रागच आला. असो.

कीजमध्ये शिरताना कप्तान थांबून राहिला होता, ऊन वर यायची वाट बघत. सूर्य तिरपा असला की पाणी नुसतं चमकतं, तळ दिसत नाही. ऊन डोक्यावर आलं की रंग सुटे होतात: तपकिरी दिसलं तर प्रवाळ, फिकट हिरवं तर वाळू, गडद निळं तर खोल. समोर जीपीएसचा पडदा चालू होता, तरी एक मुलगा नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, उभा राहून हाताने खुणा करत होता आणि कप्तान पडद्याकडे नाही, त्याच्याकडे बघत होता. मालवणला तुझे आजोबा खडपांतून होडी अशीच काढत.

पाच निर्जन बेटं आणि त्यांतल्या चारांना पूर्वेकडून वेढणारी घोड्याच्या नालाच्या आकाराची प्रवाळाची भिंत. बाहेर लाटा फुटतात, आत तळं. १९९७ पासून हे सागरी उद्यान आहे. बारादाल बेटापाशी तरंगत्या बोयांनी आखलेला भाग कासवांचा. मी लाइफ जॅकेट घालून उतरले. मास्कच्या काचेला आतून थुंकी चोळायची म्हणे, मग वाफ धरत नाही. पहिली काही मिनिटं मी नळीतून श्वास घ्यायचाच विसरत होते. मग खाली हिरवं कासव दिसलं. आपल्याकडे किनाऱ्यावर अंडी घालायला येतात ती ऑलिव्ह रिडले. हे त्याहून बरंच मोठं आणि गवत खाणारं. गाय चरावी तसं मान हलवत चरत होतं. मध्येच वर आलं, माझ्यापासून चार-पाच हातांवर डोकं काढून श्वास घेतला आणि पुन्हा खाली. हात लावायचा नाही, मागे लागायचं नाही, हे आधीच बजावलं होतं.

ताई सांगत होती, या समुद्रात आता एक परकं गवतही पसरतंय. ते मूळचं तांबड्या समुद्रातलं आणि आपल्या हिंदी महासागरातलं. २००२ मध्ये इकडे शेजारच्या ग्रेनाडात पहिल्यांदा सापडलं आणि बोटींच्या नांगरांना अडकून एकेका बेटावर पोचलं असं मानतात. तिथलं मूळ गवत मागे हटतंय. नांगर टाकण्याऐवजी आमची बोट बोयाला का बांधली, ते तेव्हा कळलं.

भिंतीजवळ ओढ असते. आधी ओढीविरुद्ध पोहत जायचं आणि मग अंग सोडून परत वाहत यायचं. बाबा उलट निघाले होते, त्यांना पोरांनी वळवलं.

जेवायला पेटिट बातो बेटाच्या पुळणीवर भाजलेली मासळी आणि चक्क नीरफणस! आख्खा निखाऱ्यावर काळा होईपर्यंत भाजलेला, आत पांढराशुभ्र. १७९३ मध्ये कॅप्टन ब्लायने, तोच बाउंटी जहाजावरच्या बंडाचा, दुसऱ्या खेपेला ताहितीहून रोपं आणून सेंट व्हिन्सेंटला उतरवली. मळ्यांवरच्या गुलामांना स्वस्तात पोसायला. आता तोच इथला मानाचा पदार्थ. आपल्या कापांची सर नाही, पण मी दोनदा वाढून घेतलं.

येताना सगळे झोपले, बाबा धरून.

तू सुटलास की इथे ये. डिसेंबर-जानेवारीत वारा फार जोराचा असतो असं कप्तान म्हणाला, तेव्हा फेब्रुवारीनंतरचं बघ. आणि चष्मा मास्कच्या आत जात नाही. नंबरचे मास्क तयार मिळतात, ताई मागवून ठेवणार आहे. तुझा नंबर दोन्ही डोळ्यांचा वेगवेगळा कळव.

तुझी आई