विमाने बोलतात, पण ऐकतात कुठे?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

हवेतल्या टकरींविषयीचा लेख आपल्या अंकात वाचला. 'आता नवी यंत्रणा हवी' असा त्याचा सूर होता. विमानांच्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांची देखभाल करण्यात उमेदीची सगळी वर्षे गेल्यामुळे मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. लागणारी माहिती आकाशात आधीच फिरते आहे आणि ती दाखवायला पडदाही कॉकपिटमध्ये आधीच आहे. अडले आहे ते मधल्या जोडणीपाशी.

एडीएस-बी ही यंत्रणा घ्या. विमान स्वतःचे स्थान उपग्रहांच्या मदतीने काढते आणि उंची, वेग, ओळख यांसह ते १०९० मेगाहर्ट्झवर जाहीर करत राहते. स्थान तर सेकंदाला साधारण दोनदा. याला म्हणतात 'आऊट'. अमेरिकेने बहुतेक नियंत्रित हवाई क्षेत्रात १ जानेवारी २०२०पासून ते सक्तीचे केले, युरोपनेही मोठ्या विमानांसाठी केले. पण सक्ती झाली ती बोलण्याची. इतरांचे ऐकून ते पडद्यावर दाखवणारी 'इन' ही सोय ऐच्छिकच राहिली. त्यामुळे गंमत अशी, की विमानतळाच्या कुंपणाबाहेर मोबाइल घेऊन उभा असलेला हौशी माणूस डोक्यावरून गेलेल्या विमानाचा उड्डाण क्रमांक सांगतो, आणि त्याच्याच मागून उतरणाऱ्या वैमानिकाला मात्र पुढे एक बिननावाची खूण दिसते.

ही खूण टीकॅसची, म्हणजे हवेतली टक्कर टाळण्यासाठी विमानात बसवलेल्या इशारा-यंत्रणेची. कॅलिफोर्नियातल्या सेरिटोस येथे १९८६ साली प्रवासी विमान आणि एक छोटे खासगी विमान यांची टक्कर होऊन ८२ माणसे गेली, त्यानंतर अमेरिकेने टीकॅस सक्तीचे केले. त्याची चाचणी मी किती वेळा घेतली असेल, गणती नाही. विमान जागेवर उभे, बटण दाबले की पडद्यावर चार खोटी विमाने उमटतात: उजवीकडे लाल चौकोन, डावीकडे पिवळे वर्तुळ, आणि समोर पत्त्यांतल्या चौकटसारख्या दोन खुणा, एक भरीव, एक पोकळ. शेजारी सापेक्ष उंचीचे आकडे, शेकडो फुटांत. चढत-उतरत असेल तर एक बाण. बस्स, इतकेच. टीकॅस समोरच्याच्या ट्रान्सपाँडरला (रेडिओवरून विचारणा आली की आपोआप उत्तर देणाऱ्या उपकरणाला) विचारते आणि उत्तर यायला लागलेल्या वेळेवरून अंतर मोजते. त्यामुळे अंतर नेमके कळते, दिशा मात्र अंदाजे. ते विमान कोणते आणि त्याचे नाक कुठे वळले आहे, हे त्या चौकटीतून कळत नाही. एडीएस-बीची खूण बाणाच्या टोकासारखी असते. रोख कळतो, नाव कळते, वेग कळतो.

२९ जानेवारी २०२५ रोजी वॉशिंग्टनजवळ प्रवासी जेट आणि लष्करी हेलिकॉप्टर धडकून ६७ जण दगावले. जेटच्या टीकॅसने साधारण १९ सेकंद आधी 'ट्रॅफिक, ट्रॅफिक' असा इशारा दिला होता. पुढचा 'चढा' किंवा 'उतरा' हा आदेश आला नाही, कारण जमिनीपासून सुमारे हजार फुटांखाली टीकॅस तो देतच नाही. खाली जमीन असताना 'उतरा' कसे सांगणार? आणि त्या जेटमध्ये 'इन' नव्हते.

जुन्या विमानात ते बसवणे वाटते तितके अवघड नाही. टीकॅसचा संगणक १०९० मेगाहर्ट्झ ऐकतोच. त्याच मापाचा, एडीएस-बी समजणारा नवा डबा त्याच कप्प्यात सरकवायचा, अँटेना बहुधा तीच. खरी डोकेदुखी पडद्याची. जुन्या डिस्प्लेला बाणाची खूण किंवा उड्डाण क्रमांक काढता येत नाही, त्याला ते शिकवायचे तर सॉफ्टवेअर बदलावे लागते, आणि एक ओळ बदलली तरी पडताळणीचे सगळे सोपस्कार आले. म्हणून काहींनी मधला मार्ग काढला. एका अमेरिकन विमान कंपनीने आपल्या एअरबस ए३२१ विमानांत यासाठी एक छोटा वेगळा पडदा बसवला. मला हा मार्ग व्यवहारी वाटतो. मांडीवरच्या टॅब्लेटपेक्षा तर नक्कीच बरा. छोट्या विमानांत टॅब्लेट उपयोगी पडतो, नाही असे नाही, पण उतरताना मान खाली घालून शेजारी शोधणारा वैमानिक मला तरी नको. शिवाय टॅब्लेटला माहिती पुरवणाऱ्या, हातात मावणाऱ्या रिसीव्हरच्या आड विमानाचेच धूड येते.

पडद्यावर किती दाखवायचे, याचा मात्र नीट विचार हवा. गजबजलेल्या विमानतळाजवळ वीस खुणा आणि वीस नावे एकावर एक चढली की त्यातून काहीच वाचता येत नाही. आणि निव्वळ चित्र पाहून विमान वळवायचे नसते. आदेश टीकॅसचाच मानायचा. २००२ साली जर्मनीतल्या युबरलिंगेन गावावर टक्कर झाली तेव्हा दोन विमानांतल्या एकाने नियंत्रकाचे ऐकले, दुसऱ्याने टीकॅसचे, आणि ७१ जीव गेले.

आणखी एक गोष्ट, जी विकणारे सहसा सांगत नाहीत. वॉशिंग्टनच्या त्या हेलिकॉप्टरचे 'आऊट' प्रक्षेपण चालू नव्हते. टीकॅसला ते दिसले, कारण ट्रान्सपाँडर उत्तर देत होता. म्हणजे कोरा पडदा दिसला म्हणून आकाश मोकळे आहे, असे समजायची सोय नाही. उपग्रहांचे संकेत मुद्दाम बिघडवले जातात तेव्हा एडीएस-बीवरचे स्थानही चुकते. टीकॅस स्वतः अंतर मोजत असल्याने त्याला हा रोग नाही. म्हणून 'इन' बसवताना टीकॅस काढायचे नाही, दोन्ही एका नजरेत दिसायला हवीत.

प्रवासी विमान सहज पंचवीस-तीस वर्षे उडते. नव्या विमानांपुरता नियम केला तर अर्धी पिढी वाट पाहावी लागेल. 'आऊट'साठी तारीख ठरवली तशी 'इन'साठीही ठरवावी, आणि ज्या विमानांत नुसता डबा बदलून भागते त्यांच्यापासून सुरुवात करावी.

आपला,
एक निवृत्त एव्हिऑनिक्स तंत्रज्ञ