परदेशी फेलोशिपचा अर्ज नेमका कुठे अडतो

मा. संपादक यांस,

जून लागला की अमेरिकेत जाऊन संशोधन करण्यासाठी मिळणाऱ्या फुलब्राइट-नेहरू डॉक्टरल रिसर्च फेलोशिपसाठी धावपळ सुरू होते. मुदत साधारणपणे जुलैच्या मध्याला संपते आणि राज्यशास्त्र, आंतरराष्ट्रीय संबंध, संरक्षणशास्त्र या विषयांतले आपल्याकडचे अनेक अर्ज शेवटच्या पंधरवड्यात लिहिले जातात. इंग्रजी कच्चे म्हणून मराठी मुले मागे पडतात, असे सर्रास बोलले जाते. आम्हाला ते पटत नाही. भाषा दुरुस्त करून देणारे कोणीतरी भेटतेच. अर्ज पडतो तो एका प्रश्नाला उत्तर नसते म्हणून: या कामासाठी अमेरिकेलाच का जायचे?

ही फेलोशिप पदवीसाठी नाही. भारतीय विद्यापीठात पीएच.डी.साठी नोंदणी झालेल्या विद्यार्थ्याने सहा ते नऊ महिने तिकडच्या विद्यापीठात राहून आपल्या प्रबंधाचे काम करायचे, एवढाच तिचा हेतू. त्यामुळे ‘भारत-अमेरिका संबंध : एक चिकित्सक अभ्यास’ असा विषय आणि सुरुवातीची दोन पाने स्वातंत्र्यापासूनच्या इतिहासाची, हा अर्ज वाचणाऱ्याच्या हाती काहीच देत नाही.

एक उदाहरण घेऊ. यशवंतराव चव्हाण ऑक्टोबर १९७४ ते मार्च १९७७ परराष्ट्रमंत्री होते. त्याच ऑक्टोबरात अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री किसिंजर दिल्लीला आले आणि भारत-अमेरिका संयुक्त आयोगाचा करार झाला. आयोगाखाली तीन उपआयोग होते: अर्थ व व्यापार, विज्ञान व तंत्रज्ञान, शिक्षण व संस्कृती. आणीबाणीच्या काळात राजकीय संबंध ताणलेले असताना या उपआयोगांचे काम कितपत चालले, हा प्रश्न एका प्रबंधाला पुरेल एवढा मोठा आणि पेलेल एवढा लहान आहे.

पण इथेच जाणकार परीक्षक अडवतो. जुलै १९७३ ते १९७९ या काळातल्या अमेरिकी परराष्ट्र खात्याचे असंख्य तारसंदेश तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. खात्याच्या प्रकाशित दस्तऐवजांचा १९७३ ते १९७६ या वर्षांचा दक्षिण आशियाविषयीचा ई-८ हा खंडही ऑनलाइन आहे. हे सगळे सांगलीत बसून वाचता येत असेल तर विमानाचे तिकीट कशाला? म्हणून आधी ते वाचलेले असले पाहिजे आणि वाचल्यावर काय उरते ते अर्जात लिहिले पाहिजे. त्याच अभिलेखागाराच्या मेरीलँडमधल्या कॉलेज पार्क इथल्या इमारतीत परराष्ट्र खात्याची कागदपत्रे ‘रेकॉर्ड ग्रुप ५९’मध्ये आणि दूतावासांची ‘रेकॉर्ड ग्रुप ८४’मध्ये आहेत. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांचे ग्रंथालय मिशिगनमध्ये ॲन आर्बरला आहे. या दोन्ही ठिकाणच्या कागदपत्रांच्या सूची ऑनलाइन पाहता येतात. पेटीचा क्रमांक आणि फाइलचे नाव लिहिलेला अर्ज शंभरात उठून दिसतो.

वेळेचा हिशेबही त्यातूनच निघतो. चाळीस पेट्या पाहायच्या आणि रोज चार वाचून होतात असे धरले, तर कामाचे दहा दिवस. मग नऊ महिने कशाला मागता? मुलाखती घ्यायच्या असतील तर तिकडच्या विद्यापीठाच्या नैतिकता समितीची परवानगी लागू शकते आणि तिला वेळ जातो, हे आराखड्यात धरा. अजून गोपनीय असलेल्या कागदांवर मात्र प्रबंध उभा करू नका. ते खुले व्हावेत म्हणून केलेल्या अर्जाचे उत्तर यायला वर्षे लागू शकतात. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आणि त्याच्या ‘अभिलेख पटल’ या पोर्टलवर काय पाहिले, तेही सांगा. इथले न पाहता तिकडे जाऊ पाहणाऱ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, आणि ते योग्यच आहे.

तिकडच्या प्राध्यापकाचे निमंत्रणपत्र जोडले तर अर्ज भक्कम होतो. त्यासाठी निदान तीन महिने आधी लिहावे. एकच मजकूर वीस जणांना पाठवला की उत्तर येत नाही. त्या व्यक्तीचा एखादा लेख वाचून, दीडशे-दोनशे शब्दांत आपला प्रश्न मांडावा आणि एका पानाचा सारांश जोडावा. पत्रात येण्या-जाण्याच्या तारखा असाव्यात.

शिफारसपत्रे तीन. ‘विद्यार्थी मेहनती व होतकरू आहे’ हे वाक्य निरुपयोगी. शिफारस करणाऱ्यांना महिनाभर आधी संशोधनाचा एक पानी गोषवारा द्या. पत्र भरण्यासाठी त्यांना ईमेलवर येणारी लिंक अनेकदा स्पॅममध्ये जाऊन पडते, तेव्हा दुसऱ्याच दिवशी फोन करून विचारा.

आपल्याकडची एक खास अडचण नावाची. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे, वडिलांचे, कधी आईचेही नाव. पासपोर्टवर क्रम वेगळा. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींचे तर तीन कागदांवर तीन प्रकार. अर्जात नाव पासपोर्टप्रमाणेच भरा आणि फरक असेल तर राजपत्राची प्रत आधीच काढून ठेवा.

यूजीसीची कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती (जेआरएफ) चालू असेल तर त्याच काळात दुसरीकडून विद्यावेतन घेता येत नाही. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांची अधिछात्रवृत्ती घेणाऱ्यांनीही आपल्या संस्थेचे नियम पाहून लेखी परवानगी आधी मागावी. व्हिसा जे-१, म्हणजे शैक्षणिक देवाणघेवाणीसाठीच्या प्रकारचा असतो. परतल्यावर दोन वर्षे मायदेशी राहिल्याशिवाय तिकडचा एच-१बी हा नोकरीचा व्हिसा किंवा ग्रीन कार्ड मिळत नाही, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवलेले बरे.

आता विद्यापीठांकडे एक मागणी. नोंदणीचा दाखला आणि ना-हरकत पत्र मे-जूनच्या सुट्टीत पीएच.डी. विभागात अडकते. सही करणारे अधिकारी रजेवर, नोंदणीला वर्ष झाल्याची तारीख पत्रात नाही, मार्गदर्शकाची मान्यता वेगळ्या फाइलमध्ये. कोल्हापूर, नांदेड किंवा जळगावच्या विद्यार्थ्याने यासाठी चार-चार खेटे घालायचे आणि तेवढ्यात मुदत संपायची, हे थांबले पाहिजे. नोंदणीची तारीख, विषय, मार्गदर्शकाचे नाव आणि परदेशी जाण्यास हरकत नसल्याचे एक वाक्य, एवढा ठरलेला नमुना प्रत्येक विद्यापीठाने तयार ठेवावा, १५ मे ते १५ जुलै या काळात सहीसाठी एक पर्यायी अधिकारी नेमावा आणि अर्ज आल्यापासून सात दिवसांत पत्र द्यावे.

— दोन संशोधन-मार्गदर्शक, पुणे