पेडलं एका कंपनीची, स्टिअरिंग दुसऱ्या कंपनीचं, जोडू तर द्या!

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात पाणी, रस्ते, पीकविमा यावर पत्रं येतात आणि यायलाच पाहिजेत, पण मी आज जरा वेगळ्याच विषयावर लिहायलोय. कॉम्प्युटरवर गाड्यांच्या शर्यती खेळायला जे स्टिअरिंग आणि पेडलं मिळतात नं, त्यात एका कंपनीची पेडलं दुसऱ्या कंपनीच्या स्टिअरिंगला लागत नाहीत. पोरांचा खेळ म्हणून कृपया पान उलटू नका. रेसिंगचे ट्रॅक आहेत चेन्नईजवळ, कोइम्बतूरला, ग्रेटर नोएडाला. आमच्या परभणी-नांदेडच्या पोराला तिकडं कोण नेणार? वाळूज, शेंद्र्यात गाड्या तयार होतात पण पोराला शर्यतीतलं ब्रेकिंग शिकायचं तर घरचा टेबल आणि हे पेडल एवढंच हातात असतंय, आणि त्यासाठी आईबापानं बरेच पैसे मोजलेले असतात.

माझ्या पुतण्याकडं थ्रस्टमास्टर कंपनीचं टी१५० स्टिअरिंग आहे. त्याच्यासोबत दोनच पेडलं येतात, क्लच नाही. त्याच्या मित्राकडं लॉजिटेक कंपनीच्या जी२७ स्टिअरिंगची तीन पेडलं माळ्यावर पडून होती, एकदम दणकट, ती त्यानं देऊन टाकली. आता लॉजिटेकचा प्लग नऊ पिनांचा, जुन्या कॉम्प्युटरच्या सिरियल पोर्टसारखा, आणि थ्रस्टमास्टरला लागतो टेलिफोनच्या वायरीला असतो तसला आरजे१२. दुकानात विचारलं तर एकच उत्तर, नवीन सेट घ्या. काहून घ्यावा? पेडलं चालू आहेत, स्टिअरिंग चालू आहे, मधल्या वायरीपायी चांगली वस्तू भंगारात घालायची का?

आत बघितलं तर काही गूढ नाही हो. प्रत्येक पेडलमागं एक पोटेन्शिओमीटर आहे, जुन्या रेडिओचा आवाज कमीजास्त करायच्या बटणामागं असायचा तोच प्रकार. त्याला तीन वायरी, कडेच्या दोन म्हणजे पाच व्होल्ट आणि ग्राउंड, मधली सिग्नलची, पेडल दाबलं की मधल्या वायरीवरचा व्होल्टेज बदलतो, बस्स. पुतण्यानं मल्टिमीटर लावून बघितलं, कडेच्या दोन टोकांत रेझिस्टन्स हलत नाही, मधल्या टोकाला लावून पेडल दाबलं की आकडा सरकायला लागतो, त्यावरून कुठली वायर कशाची ते कळलं. मग अर्दुइनो लिओनार्डो नावाचं छोटं बोर्ड घेऊन तीन सिग्नल तीन अॅनालॉग पिनांना जोडले, बोर्डात जॉयस्टिकचा प्रोग्राम टाकला आणि यूएसबी सरळ कॉम्प्युटरला. म्हणजे पेडलं स्टिअरिंगला जोडायचीच नाहीत, विंडोजला दोन वेगळी यंत्रं दिसू द्यायची. विंडोजच्या रन खिडकीत जॉय डॉट सीपीएल टाईप केलं की खिडकी उघडते, त्यात पेडल दाबेल तशी पट्टी ० पासून भरत जाताना दिसली तेव्हा घरातले सगळे येऊन बघून गेले. अॅसेटो कोर्सासारख्या गेममध्ये स्टिअरिंग एका यंत्राचं, पेडलं दुसऱ्याची असं निवडता येतंय, काही जुने गेम मात्र एकच यंत्र धरतात. पट्टी उलटी चालली तर गेमच्या सेटिंगमध्ये इन्व्हर्टची, म्हणजे उलटं करायची खूण करायची. उनो बोर्ड घेऊ नका बरं का, ते थेट जॉयस्टिक म्हणून दिसत नाही, लिओनार्डो किंवा प्रो मायक्रोसारखं बोर्ड लागतं.

एक धोका मात्र ठळक छापा ही विनंती. आरजे१२ फॅनाटेक नावाच्या तिसऱ्या कंपनीच्या पेडललाही असतो, म्हणून प्लग बसला की चालेल असं कुणी धरू नये. आतल्या वायरींचा क्रम वेगळा असला आणि पाच व्होल्ट भलतीकडं गेले तर बोर्ड जळतंय. तसंच ते नऊ पिनी प्लग कॉम्प्युटरच्या खऱ्या सिरियल पोर्टात कधीच घालू नका. लोडसेलचा ब्रेक तर आणखी निराळा, तो पेडल किती खाली गेलं ते नाही तर पाय किती जोरात दाबला ते मोजतो, सिग्नल मिलिव्होल्टात असतो, त्याला एचएक्स७११ सारखा अॅम्प्लिफायर, म्हणजे सिग्नल वाढवणारा भाग, लावावा लागतो आणि त्याचं रीडिंग सेकंदाला १० वेळा होत असलं तर ८० वेळांवर न्यावं लागतं, नाहीतर ब्रेक मागाहून लागल्यासारखा वाटतो. प्लेस्टेशन, एक्सबॉक्सवाल्यांची तर यातून सुटकाच नाही, तिथं पेडलं मान्यता असलेल्या स्टिअरिंगमधूनच जावी लागतात, यूएसबीचा हा उपाय फक्त कॉम्प्युटरवर.

माझं म्हणणं एवढंच की कंपन्यांनी कुठल्या पिनेला काय ते माहितीपत्रकात छापावं आणि प्रत्येक पेडल सेटला यूएसबीची सोय द्यावी. युरोपात डिसेंबर २०२४ पासून नव्या मोबाईलला टाईप-सी सक्तीचं झालं, म्हणजे कंपन्यांना एका प्लगवर आणता येतंय. आपल्याकडंही केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं डिसेंबर २०२२ मध्ये राईट टू रिपेअरचं, म्हणजे वस्तू दुरुस्त करून घ्यायच्या हक्काचं पोर्टल काढलं, त्यात शेतीची अवजारं, मोबाईल-इलेक्ट्रॉनिक्स, घरातली उपकरणं आणि गाड्या असे चार भाग आहेत. त्यातल्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये गेमची ही यंत्रंही यावीत आणि पिनांचा तक्ता पोर्टलवर बघायला मिळावा.

मराठवाड्यातल्या पॉलिटेक्निक आणि आयटीआयच्या सरांनाही सांगणं आहे, इलेक्ट्रॉनिक्सच्या पोरांना प्रोजेक्ट म्हणून हे द्या. सोल्डरिंग, व्होल्टेज, प्रोग्राम सगळं एकात येतंय, खर्च नव्या सेटच्या मानानं किरकोळ. आणि संपादक साहेब, आपल्या रविवारच्या पुरवणीत वायरींच्या आकृतीसकट अर्धं पान यासाठी मिळालं तर लई पोरांची सोय होईल, आकृती पुतण्या काढून देतोय.

आपला,
एक वाचक, परभणी