सोरायसिसचे खापर स्वभावावर नको

महोदय,

२९ ऑक्टोबरच्या जागतिक सोरायसिस दिनाच्या सुमारास पथ्य आणि मलमे यांविषयी पुष्कळ लिहून येते; परंतु या त्वचाविकाराबरोबर रुग्णाच्या स्वभावावर जो ठपका येतो, त्याविषयी फारसे कोणी लिहीत नाही. ‘तुम्ही फार मनाला लावून घेता, म्हणून हे झाले,’ हे वाक्य मी गेली एकवीस वर्षे नातेवाइकांकडून, सहकाऱ्यांकडून आणि दोन डॉक्टरांकडूनही ऐकले आहे.

सोरायसिसचे मूळ प्रतिकारशक्तीच्या बिघाडात आहे आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. निरोगी त्वचेतील पेशी खालच्या थरातून वर येऊन गळून पडायला साधारण महिना लागतो. आमच्या त्वचेत हे चक्र काही दिवसांतच उरकते आणि खपल्या साचतात. ताणाने चट्टे उफाळतात हे खरे, तो अनुभव मीही घेतला आहे. पण ताण येणे वेगळे आणि स्वभावात खोट असणे वेगळे. भावना शब्दांत मांडता न येणे हे सोरायसिसच्या रुग्णांत अधिक आढळते, असे सांगणारे अभ्यास आहेत. मात्र एका वेळच्या पाहणीवरून आधी काय आणि नंतर काय, हे ठरत नाही.

माझ्यापुरते ते मला ठाऊक आहे. आजारापूर्वी मी शाळेच्या स्नेहसंमेलनात सूत्रसंचालन करीत असे. ‘हे लागत नाही असे डॉक्टरांकडून लिहून आणा,’ असे केशकर्तनालयात चारचौघांत ऐकल्यावर आणि एका लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारचे पान शेवटपर्यंत रिकामे राहिल्यावर मी मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचा सदरा घालू लागलो. सकाळी अंथरुणावर खपल्या दिसतील म्हणून पाहुण्यांकडचा मुक्काम सोडला. घरचे म्हणू लागले, हा एकलकोंडा झाला. सोरायसिस संसर्गजन्य नाही, एवढे त्या दुकानात आणि त्या पंगतीत कोणाला माहीत असते, तर कदाचित तसे झाले नसते.

या रुग्णांत नैराश्याचे प्रमाण अधिक असते, हे आता वैद्यकशास्त्राला मान्य आहे. रात्रभराच्या खाजेने झोप मोडते, शिवाय शरीरातील दाहाचाही मनावर परिणाम होत असावा, असे संशोधक मानतात. असे असूनही बाह्यरुग्ण विभागात माझे कोपर आणि गुडघे तपासले गेले. झोप लागते का, हे कधी विचारले गेले नाही. वास्तविक १९९४ मध्ये कार्डिफच्या त्वचारोगतज्ज्ञांनी दहा प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली, जी आज जगभर वापरली जाते. गेल्या आठवड्यात त्वचेमुळे संकोच वाटला का, कपडे निवडताना अडचण आली का, जोडीदाराशी वा मित्रांशी संबंधांत अडथळा आला का, असे तिचे साधे प्रश्न आहेत. तीसपैकी दहाहून अधिक गुण म्हणजे आयुष्यावर मोठा परिणाम. रांगेत बसल्या बसल्या रुग्ण ती दोन-तीन मिनिटांत भरू शकतो.

सरकारी रुग्णालयांच्या त्वचारोग विभागांनी ही प्रश्नावली मराठीतून प्रत्येक जुन्या रुग्णाला द्यावी आणि ज्याचे गुण अधिक येतील त्याला त्याच दिवशी मानसोपचार विभागात पाठवावे, अशी माझी आरोग्य विभागाला विनंती आहे. तोवर, ज्यांना समोरासमोर बोलण्याचा धीर होत नाही त्यांनी १४४१६ या ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या मोफत क्रमांकावर जरूर बोलावे. मी तेथूनच सुरुवात केली.

– एक सेवानिवृत्त शिक्षक, सांगली