डबल टॅगिंगमधे ४ बाइट गायब होतायत, आणि सपोर्ट म्हणतो रीबूट करा

प्रति,
टेक्निकल सपोर्ट विभाग

विषय: तुमच्या वायरलेस रेडिओच्या फर्मवेअर अपडेटनंतर क्यू-इन-क्यू (डबल टॅगिंग) बिघडल्याबद्दल

नमस्कार,

हे मी तिसऱ्यांदा लिहितोय. आधीच्या दोन्ही वेळी "रीबूट करून बघा" एवढंच उत्तर आलं आणि तिकीट बंद, म्हणून आता सगळं सविस्तर लिहितो, निदान यावेळी शेवटपर्यंत वाचा.

आम्ही छोटे ब्रॉडबँडवाले, टॉवरवर तुमचा अॅक्सेस पॉइंट आणि ग्राहकांच्या गच्चीवर तुमचेच रेडिओ. काही ग्राहक म्हणजे ऑफिसं आहेत आणि त्यांचे आतले व्हीलॅन (एकाच तारेवर टॅग नंबर लावून वेगळी ठेवलेली नेटवर्कं) त्यांचे ते ठरवतात. दोघांकडे व्हीलॅन १० असला की आमच्या स्विचवर खिचडी होते, म्हणून प्रत्येकाला बाहेरून आमचा वेगळा टॅग लावायचा, आतला त्यांचा त्यांना सुखरूप परत. हेच क्यू-इन-क्यू. यात नवीन काही नाही, त्याचं ८०२.१एडी स्टँडर्ड २००५ सालचं आहे, आणि तुमच्या बॉक्सवरही ठळक छापलंय की क्यू-इन-क्यू सपोर्ट आहे.

अपडेट टाकलं आणि एका ऑफिसचं सगळं बंद. तुमच्या वेबपेजवर बाहेरच्या टॅगचा इथरटाइप (टॅग कुठल्या प्रकारचा ते सांगणारा कोड) अजूनही ८८ए८ दिसतो, मीच निवडलेला. पण स्विचचा पोर्ट मिरर करून (त्यावरच्या ट्रॅफिकची कॉपी काढून) कॅप्चर घेतला तर तारेवर दिसतंय ८१०० ०१२सी आणि त्यामागे ८१०० ०००ए. ०१२सी आणि ०००ए हे हेक्समधले आकडे, म्हणजे बाहेर ३००, आत १०, नंबर बरोबर, पण पहिल्या जागी साध्या टॅगच्या ८१०० ऐवजी ८८ए८ हवा होता. आमचा स्विच बाहेर ८८ए८ शोधतो, तो सापडला नाही की फ्रेमला (तारेवरच्या डेटाच्या पाकिटाला) टॅगच नाही असं समजतो. पेज एक सांगतं आणि रेडिओ दुसरंच करतो, यात रीबूटने काय होणार होतं? आणि रिलीज नोट्समधे याबद्दल अक्षरही नाही.

शेवटी स्विचच्या त्या एका पोर्टवर ८१०० करून गाडी पुढे ढकलली. लाइन आली, आयपी मिळाला, पिंग जायला लागला, मी सुटकेचा श्वास सोडला आणि अर्ध्या तासात फोन, की मेसेज जातात पण फोटो अडकतो, साइट अर्धवट उघडून गोल फिरत बसते. मग डोन्ट फ्रॅगमेंट (पाकिटाचे तुकडे करू नको) लावून पिंग मारत बसलो. १४७२ बाइटचा, म्हणजे हेडर धरून नेहमीचा पूर्ण १५००, जात नाही. १४६८ चा जातो. १४६९ चा पुन्हा नाही! बरोबर ४ बाइट, एका टॅगची जागा. साध्या फ्रेमची मर्यादा १५१८, एका टॅगने १५२२, दोन टॅगने १५२६, आणि तुमचा रेडिओ १५२२ च्या पुढचं सगळं गुपचूप टाकून देतो, एरर काउंटरसुद्धा शून्यच दाखवतो. जुन्या फर्मवेअरवर हीच १४७२ ची पिंग आरामात जायची.

सध्या त्या ग्राहकाच्या राउटरवर एमटीयू (हेडर धरून पाकिटाची कमाल साइज) १४९६ करून दिलाय आणि तेवढ्यावर चाललंय, पण प्रत्येकाच्या राउटरमधे जाऊन मी तुमची चूक झाकत बसायची का?

आणि तुमच्या माणसाने फोनवर शांतपणे सांगितलं की फॅक्टरी रीसेट मारा. अहो, आमचं मॅनेजमेंट वेगळ्या व्हीलॅनवर आहे, सिंगल टॅग, म्हणून तर या सगळ्या गोंधळातही रेडिओचं पेज उघडत होतं. रीसेट मारला की ते कॉन्फिगरेशनही गेलं, मग लॅपटॉप गळ्यात अडकवून टॉवरवर कोण चढणार, तुम्ही?

मला एवढंच हवंय की पेजवर जो इथरटाइप निवडलाय तोच तारेवर जाऊ दे, १५२६ ची फ्रेम न कापता जाऊ दे, आणि फ्रेम साइजची खरी मर्यादा मॅन्युअलमधे छापा. आत्ता तिथे क्यू-इन-क्यूवर एक ओळ आणि एक स्क्रीनशॉट आहे, तोही जुन्या मेनूचा, नव्यात ती टॅबच नाही. दुरुस्त फर्मवेअर येईपर्यंत जुन्यावर परत कसं जायचं ते लेखी कळवा, कारण मी प्रयत्न केला तर रेडिओ जुनी फाइल घेतच नाही.

अपडेटच्या आधीची आणि नंतरची, दोन्ही कॅप्चर सोबत जोडल्यात. उत्तर द्यायच्या आधी कृपया कोणीतरी त्या उघडून बघा.

आपला,
एक ग्राहक